जुना ट्रॅव्हल ट्रेलर स्वतः दुरुस्त करताना: नवख्यांसाठी कामाचा क्रम

मोटारीमागे जोडून ओढून न्यायचे, झोपायची सोय, शेगडी आणि चार कपाटे असलेले चाकांवरचे घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत असे ट्रेलर मोठ्या संख्येने तयार झाले, आणि त्यांतले बरेच आजही घरांच्या मागच्या अंगणांत, शेतावरच्या शेडमध्ये किंवा झाडाखाली उभे असलेले सापडतात. नव्या ट्रेलरच्या मानाने ते स्वस्त मिळतात, आकाराने आटोपशीर असतात, आणि त्यांची रचना इतकी सरळ असते की करवत, ड्रिल आणि स्क्रू ड्रायव्हर नीट चालवता येणाऱ्या माणसाला ते स्वतः दुरुस्त करता येतात. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांच्या मनात हे काम घोळते आहे, पण ज्यांचा दुरुस्तीचा अनुभव घरातला नळ किंवा कपाटाचे दार यांपलीकडे गेलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या कामात सर्वांत महत्त्वाचा असतो तो क्रम. ट्रेलर घरी आणला की पहिली इच्छा होते ती आतल्या भिंती रंगवण्याची, नवे पडदे शिवण्याची आणि गाद्यांना नवी कापडे घालण्याची. मात्र पत्र्याआड लाकूड कुजत असेल, तर वर लावलेला रंग पहिल्या पावसाळी हंगामातच फुगून निघतो आणि केलेले सगळे काम पुन्हा उचकटावे लागते. म्हणून आधी चाके आणि सांगाडा, नंतर ओल आणि लाकूड, त्यानंतर वीज आणि गॅस, मग पत्रा बंद करून पाण्याची परीक्षा, आणि सर्वांत शेवटी सजावट, हा क्रम कोणत्याही मोहाला बळी न पडता पाळावा.

जुन्या ट्रेलरांचे ढोबळ मानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा असलेला. शास्ता कंपनीचे मागच्या कोपऱ्यांवर पंख असलेले गोलसर ट्रेलर याच जातीचे. दुसरा, एअरस्ट्रीमसारखा, ज्यात चौकटही ॲल्युमिनियमची असते आणि पत्रा तिला रिव्हेटांनी जोडलेला असतो. तिसरा, फायबरग्लासच्या दोन अर्ध्या कवचांचा. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगमध्ये सुरू झालेला बोलर हा त्याचा ठळक नमुना. नवख्याने यांपैकी पहिल्या प्रकाराचा, १३ ते १६ फूट लांबीचा ट्रेलर निवडावा असे माझे मत आहे, कारण त्यात बिघडलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट लाकडाच्या दुकानातून आणलेल्या सामानाने पुन्हा घडवता येते. पुढचे विवेचन त्याच प्रकाराला धरून आहे.

विकत घेण्यापूर्वी

ट्रेलर पाहायला जाताना टॉर्च, ओल मोजण्याचे छोटे यंत्र, स्क्रू ड्रायव्हर आणि गुडघे टेकायला जुनी सतरंजी सोबत न्यावी. बाहेरचा पत्रा चकचकीत असला तरी त्यावरून आतल्या लाकडाचा अंदाज येत नाही. आत जाऊन खिडक्यांचे खालचे कोपरे, छताच्या झरोक्याभोवतीची जागा, पुढच्या आणि मागच्या भिंतींचे तळाचे कोपरे आणि दाराजवळची जमीन अंगठ्याने दाबून पाहावी. तिथले प्लायवूड दबत असेल, त्यावर काळे डाग असतील, किंवा बंद कपाट उघडताच कुबट वास येत असेल, तर आत पाणी शिरले आहे हे निश्चित समजावे.

याहून खात्रीची एक परीक्षा आहे. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कडेवर ॲल्युमिनियमची लांब पट्टी असते आणि तिच्या मधल्या खाचेत विनाइलची पातळ फीत बसवलेली असते. मालकाच्या परवानगीने ही फीत थोडी उचलून तिच्याखालचा एक स्क्रू काढावा. स्क्रू घट्ट बसलेला असेल आणि त्याच्या आट्यांत कोरड्या, फिकट लाकडाचे कण दिसत असतील, तर त्या जागेचे लाकूड शाबूत आहे. तो नुसताच गरगर फिरत असेल, किंवा गंजून निम्मा झालेला आणि तपकिरी चिखलाने माखलेला बाहेर येत असेल, तर आतली पट्टी गेलेली आहे. चारही कोपऱ्यांवर ही परीक्षा केली की किती लाकूड बदलावे लागेल याचा बराच अंदाज येतो. एक-दोन कोपरे कुजलेले असणे या वयाच्या ट्रेलरला साहजिक आहे, आणि तेवढ्यावरून माघार घेण्याचे कारण नाही. चारही कोपरे, जमीन आणि छत असे सगळेच गेले असेल, तर ते काम दुरुस्तीचे न राहता नव्याने बांधणीचे होते, आणि पहिल्याच खेपेला ते अंगावर घेऊ नये.

कागदपत्रांकडेही तितकेच लक्ष द्यावे. सतरा अक्षरांचा वाहन क्रमांक १९८१ पासून रूढ झाला. त्यापूर्वीच्या ट्रेलरांवर कारखान्याचा छोटा क्रमांक असतो, जो बहुधा पुढच्या त्रिकोणी दांड्यावर ठोकलेला किंवा दाराजवळच्या पट्टीवर कोरलेला आढळतो. मालकीपत्रावरचा क्रमांक आणि ट्रेलरवरचा क्रमांक तंतोतंत जुळतो का, हे पैसे देण्याआधी पाहावे. मालकीपत्रच नसेल, तर आपल्या राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाचा नियम काय आहे हे विचारून मगच व्यवहार करावा, कारण हे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. शिवाय आपल्यापैकी अनेकजण उपनगरांतल्या ज्या वसाहतींत राहतात, तिथल्या घरमालक संघटना घरापुढे ट्रेलर उभा करण्यास बहुधा मनाई करतात. काही महिने काम चालेल अशी छप्पर असलेली जागा आधी ठरवावी आणि ट्रेलर नंतर आणावा.

घरी ओढून आणणे, चाके आणि सांगाडा

वर्षानुवर्षे एका जागी उभा असलेला ट्रेलर तसाच रस्त्यावर ओढणे धोक्याचे आहे. शक्य असल्यास तो सपाट मालवाहू ट्रेलरवर चढवून आणावा. ओढूनच आणायचा असेल तर किमान टायर, बेअरिंग, दिवे आणि सुरक्षा साखळ्या यांची व्यवस्था जागेवरच करावी.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरच्या मालिकेत शेवटी चार आकडे असतात, ज्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ याचा अर्थ २०१९ चा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर २००० पूर्वीचा आहे. उभ्या असलेल्या टायरची नक्षी शाबूत राहते, पण रबर आतून वाळते, म्हणून नक्षी पाहून फसू नये. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने टायर बदलावेत आणि नवे घेताना बाजूवर एसटी ही खूण असलेले, म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेले घ्यावेत.

मोटारीच्या मागचा गोळा आणि ट्रेलरचा कपलर (दांड्याच्या टोकाची, गोळ्यावर बसणारी वाटी) यांची मापे जुळणे अत्यावश्यक आहे. गोळे प्रामुख्याने १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंचांचे असतात आणि कपलरवर त्याचे माप कोरलेले असते. २ इंचांचा कपलर १ ७/८ इंचांच्या गोळ्यावर बसल्यासारखा दिसतो, त्याचा खटकाही लागतो, आणि रस्त्यावरच्या एखाद्या खड्ड्यात तो उडून सुटतो. डोळ्यांच्या अंदाजावर न जाता दोन्ही ठिकाणचे आकडे वाचावेत. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना ओलांडून बांधाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत अडकून राहील.

घरी आल्यावर ट्रेलर जॅकने उचलून सांगाड्याखाली भक्कम स्टँड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. चाके काढून बेअरिंग बाहेर काढावे आणि रॉकेलसदृश द्रावणाने धुऊन पुसावे. रोलरवर निळसर डाग, खड्डे किंवा ओरखडे असतील तर बेअरिंग आणि हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात) ठोकून बसवलेली त्याची बाहेरची कडी, दोन्ही जोडीने बदलावीत. नवे ग्रीस भरताना तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यावा, बेअरिंगची रुंद कडा त्यावर दाबत राहावी, आणि अरुंद बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीस वर येईपर्यंत थांबू नये. मग बेअरिंग थोडे फिरवून तीच कृती पुन्हा करावी. वरवर चोपडलेले ग्रीस रोलरांच्या आत पोहोचत नाही. बसवताना हब हाताने फिरवत नट घट्ट करावा, पूर्ण सैल करावा, पुन्हा केवळ बोटांनी आवळावा आणि नट सुटू नये म्हणून नवी कॉटर पिन घालावी.

ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतील तर त्यांचे चुंबक, ब्रेक शू आणि वायरी तपासाव्यात. बहुधा पूर्ण जोड नवा बसवणेच सोपे पडते. ट्रेलर मोटारीपासून सुटल्यास ब्रेक आपोआप लागावेत यासाठीचा स्विच आणि त्याची स्वतंत्र बॅटरी चालू आहे हेही पाहावे.

सांगाड्यावरचा वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून, गंजरोधक प्रायमर आणि रंग लावून थांबवता येतो. जिथे पापुद्रे सुटतात तिथे हातोडीने हलके ठोकून पाहावे. शाबूत लोखंड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते. स्प्रिंगचे पाटे ज्या कानांना अडकवलेले असतात ते कान आणि पुढचा त्रिकोणी दांडा जिथे घराच्या तळाखाली शिरतो ती जागा, या दोन ठिकाणी केसाएवढ्या भेगाही शोधाव्यात. वेल्डिंग येत नसेल तर हे काम जाणकार वेल्डरकडूनच करून घ्यावे. या एका बाबतीत हौस बाजूला ठेवावी, कारण चालत्या रस्त्यावर हा सांधा तुटला तर त्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागते.

उचकटण्यापूर्वी

जुन्या ट्रेलरमध्ये उंदरांची वस्ती बहुधा असतेच. त्यांच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत आणि व्हॅक्यूमनेही ओढू नयेत, कारण त्या धुळीतून हंटाव्हायरस श्वासात जाऊ शकतो. दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्यात, हातमोजे आणि मास्क घालावा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचे मिश्रण शिंपडून पाच मिनिटे भिजू द्यावे, आणि नंतर कागदाने पुसून पिशवीत बांधून टाकावे. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसे आणि जुन्या विनाइल फरशीत किंवा तिच्याखालच्या काळ्या चिकटद्रव्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. रंग घासण्याआधी आणि फरशी उखडण्याआधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. घरात लहान मुले असतील तर यात सवलत घेऊ नये.

त्यानंतर फोटो काढावेत, आणि आपल्याला पुरेसे वाटतील त्याच्या दुप्पट काढावेत. प्रत्येक पट्टी, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, कोणता पत्रा कोणत्या पत्र्याच्या वर आहे, हे सगळे फोटोत आले पाहिजे. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टी लावून क्रमांक घालावा. कुजलेले लाकूडही फेकू नये. त्याच्या वळणावरून आणि मापावरूनच नवा तुकडा कापायचा असतो.

लाकडी चौकट

हे ट्रेलर कारखान्यात आतून बाहेर बांधले जात. आधी जमीन, मग कपाटे आणि आतले प्लायवूड, त्यावर लाकडी पट्ट्या, मग वायरी आणि इन्सुलेशन, आणि सर्वांत शेवटी पत्रा. हे लक्षात घेतले की दुरुस्तीची दिशाही स्पष्ट होते. पत्रा बाहेरून काढला की चौकट पूर्ण उघडी पडते आणि आतली जुनी कपाटे न हलवता तिची दुरुस्ती करता येते. आतून भिंत फोडत बसणारा माणूस जुने सुंदर प्लायवूड विनाकारण गमावतो.

कडेच्या पट्ट्यांचे स्क्रू काढून पट्टी हळूहळू सोडवावी. जुनी पुट्टी दगडासारखी झालेली असते. हेअर ड्रायरने ती ऊब देऊन मऊ करावी आणि प्लास्टिकच्या पात्याने उचलावी. लोखंडी पाते पत्र्यात घुसते आणि त्याची खूण कायमची राहते. पत्रा उतरवायला तीन माणसे लागतात, कारण एका ठिकाणी दुमडला की ती सुरकुती जात नाही.

एका वेळी एकच बाजू उघडावी. पत्रा, कपाटे आणि चौकट मिळूनच या ट्रेलरला ताठपणा देतात. सगळे एकदम काढले तर उरलेला डोलारा एका अंगाला कलतो आणि नंतर ना दार बसते, ना खिडकी. उघडण्यापूर्वी दाराच्या चौकटीचे कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवावेत आणि आतून तिरक्या पट्ट्यांचे टेकू द्यावेत. दुरुस्ती चालू असताना ते कर्ण अधूनमधून पुन्हा मोजावेत.

कुजलेल्या पट्टीची सीमा डोळ्यांना दिसते त्याच्या बरीच पुढे असते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक लाकडात टोचत पुढे जावे. जिथे ते सहज रुतते तोवर लाकूड गेलेले, जिथे ते अडते तिथे निरोगी भाग सुरू झालेला. त्या जागेच्या काही इंच पुढे जाऊन कापावे. सरळ तुकड्यांसाठी गाठी नसलेले पाइन किंवा पॉप्लर चालते. दुकानात एक बाय दोन म्हणून मिळणारी पट्टी प्रत्यक्षात ३/४ इंच जाड आणि १ १/२ इंच रुंद असते, म्हणून नावावर न जाता जुना तुकडा मोजूनच लाकूड आणावे. पाव इंचाचा फरक राहिला तरी पत्रा त्या जागी फुगतो. छताच्या वळणाचे तुकडे पट्टी वाकवून करू नयेत. जुन्या तुकड्याची रेघ ३/४ इंची प्लायवूडवर उतरवून ते जिगसॉने कापावेत. सांधे पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने आणि स्क्रूंनी जोडावेत.

जमिनीचे कुजलेले प्लायवूड बदलताना जुन्याइतक्याच जाडीचे, बाहेरच्या वापरासाठीचे किंवा मरीन प्लायवूड घ्यावे आणि त्याच्या चारही कडांना इपॉक्सी पाजावे, कारण पाणी प्लायवूडमध्ये कडेनेच शिरते. किडीपासून वाचवण्यासाठी तांब्याच्या क्षारांत मुरवलेले हिरवट लाकूड इथे वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ओल लागली की ते क्षार ॲल्युमिनियमच्या पत्र्याला खातात, आणि टिकाऊ म्हणून वापरलेले लाकूडच पत्र्याला भोके पाडते.

वीज

चौकट उघडी असतानाच वायरी बदलाव्यात. या ट्रेलरमध्ये विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात: बॅटरीवर चालणारी १२ व्होल्टची आणि बाहेरून केबलने येणारी १२० व्होल्टची. १९६० च्या दशकातल्या पुष्कळ ट्रेलरांत १२० व्होल्टच्या वायरिंगला अर्थिंगच नसे. ते वायरिंग डागडुजी न करता पूर्ण काढावे. रंगांच्या बाबतीत विशेष जपावे. १२० व्होल्टमध्ये काळी वायर जिवंत आणि पांढरी न्यूट्रल असते, तर १२ व्होल्टमध्ये बहुधा काळी धन आणि पांढरी ऋण असते. एकाच भिंतीतल्या दोन काळ्या वायरींपैकी एकीला हात लावणे निर्धोक आणि दुसरीला लावणे जीवघेणे असू शकते, म्हणून दोन्ही व्यवस्थांचे मार्ग आणि डबे वेगळे ठेवून त्यांवर नावे लिहावीत.

ट्रेलरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रलच्या वायरी आणि अर्थिंगच्या वायरी वेगवेगळ्या पट्ट्यांवर राहिल्या पाहिजेत. त्यांचा मिलाप घराच्या किंवा कॅम्पग्राउंडच्या मुख्य जोडणीतच होतो. ट्रेलरमध्ये त्या एकत्र केल्या तर न्यूट्रलचा प्रवाह सांगाड्यातून आणि पत्र्यातून वाहू लागतो, आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्याला झटका बसतो. पॅनेल, ब्रेकर आणि १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर यांची जोडणी स्वतः केली तरी वीज सोडण्यापूर्वी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला दाखवावी.

त्या इलेक्ट्रिशियनला घराबाहेर ट्रेलरसाठी सॉकेट बसवायला सांगणार असाल, तर एक गोष्ट स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो लिहून द्यावी. छोट्या ट्रेलरचे टीटी-३० सॉकेट ३० ॲम्पिअरचे आणि १२० व्होल्टचे असते. कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जुन्या धाटणीच्या २४० व्होल्टच्या सॉकेटशी ते दिसायला मिळतेजुळते असल्यामुळे घरगुती कामाची सवय असलेले कारागीर त्यात अनेकदा २४० व्होल्ट सोडतात, आणि ट्रेलरमधली सगळी उपकरणे क्षणात जळतात. ट्रेलर जोडण्याआधी मल्टीमीटरने १२० व्होल्टची खात्री स्वतः करावी.

बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या वायरीवर बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज असावा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी आणि टिकाऊ असते, पण तिला जुळणारा चार्जर लागतो आणि शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करता येत नाही. मिनेसोटा किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्यांनी हे ध्यानात घेऊनच निवड करावी. वायरी लाकडातून नेताना पत्र्याचा स्क्रू त्यांत घुसणार नाही अशा खोलीवर न्याव्यात किंवा त्या जागी लोखंडी पट्टी ठोकावी. इन्सुलेशनसाठी चौकटीच्या जाडीचा कडक फोम कापून बसवावा, मात्र पांढरा पॉलिस्टायरीन फोम विनाइलचे आवरण असलेल्या वायरीला चिकटून ठेवू नये. तो कालांतराने ते आवरण कडक आणि ठिसूळ करतो.

गॅस

प्रोपेनची जुनी नळी, रेग्युलेटर आणि रबरी पाइप यांपैकी काहीही वाचवण्याचा प्रयत्न करू नये. २००२ पासून जादा भरण रोखणाऱ्या झडपेशिवायचे घरगुती आकाराचे सिलिंडर भरून मिळत नाहीत. नव्या झडपेची मूठ त्रिकोणी असते, त्यावरून ती ओळखता येते. गॅसची जोडणी अधिकृत तंत्रज्ञाकडून करून घ्यावी आणि दाबाची परीक्षा त्याच्याकडूनच करवावी. पुढे प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक सांध्यावर भांड्यांच्या साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का, हे आपणही पाहावे. अमोनिया असलेला साबण पितळ आणि तांबे खातो, तो वापरू नये.

प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ बसवावा. त्यासोबत धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आणि आग विझवण्याचे नळकांडे दाराजवळ असावे. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपणे प्राणघातक आहे.

पत्रा बंद करणे

ट्रेलरचे आयुष्य या टप्प्यावर ठरते, म्हणून इथे घाई करू नये. पत्रे चढवताना वरचा पत्रा नेहमी खालच्या पत्र्यावर आला पाहिजे, कौलारू छपरावर कौले येतात तसा. कडेच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, दिवे आणि झरोके यांच्याखाली करड्या ब्यूटिल पुट्टीची फीत लावावी. सिलिकॉन मुळीच वापरू नये: ते ॲल्युमिनियमवर कालांतराने सुटते, आणि त्याचा जो अदृश्य थर मागे राहतो त्यावर नंतर सिलिकॉनसकट काहीही चिकटत नाही. आधीच्या मालकाने ते वापरलेले असेल तर जागा पूर्ण खरवडून स्वच्छ करण्यात एखादा दिवस गेला तरी हरकत नाही.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि शेवटचे दोन-तीन फेरे हातानेच आवळावेत. पट्टीच्या दोन्ही कडांनी पुट्टी सारख्या प्रमाणात बाहेर आली म्हणजे दाब बरोबर बसला. एखाद्या जागी ती बाहेर आलीच नाही, तर तिथे पोकळी आहे. पट्टी उघडून पुट्टीचा आणखी एक थर द्यावा. ट्रेलर एक-दोन दिवस उन्हात राहू द्यावा, स्क्रू पुन्हा हलकेच आवळावेत, मग बाहेर आलेली पुट्टी प्लास्टिकच्या पात्याने कापून विनाइलची नवी फीत खाचेत बसवावी. छतावरच्या आडव्या सांध्यांवर आपोआप सपाट पसरणारे छताचे सीलंट वरून द्यावे.

खिडक्या काढून दुरुस्त करण्याची हीच वेळ आहे. काचेभोवतीचे रबर जुन्याच्या छेदाचा तुकडा नमुना म्हणून पाठवून मागवावे, कारण जवळपास दिसणारे पण किंचित जाड रबर लावले तर झडप मिटत नाही.

आता पाण्याची परीक्षा. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बागेच्या पाइपने, दाब न देता, अगदी खालपासून सुरुवात करून दर टप्प्यावर काही मिनिटे पाणी सोडत वर जावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि गळती नेमकी कुठून आहे ते कळत नाही. एकही थेंब आत न येता छतापर्यंत पोहोचेपर्यंत पुढचे कोणतेही काम हाती घेऊ नये.

आतली कामे

इथून पुढे काम सुखाचे होते. जुन्या बर्च प्लायवूडवर मधाच्या रंगाचे शेलॅक असते, आणि ते लाखेपासून बनत असल्यामुळे आपल्याकडच्या जुन्या लाकडी सामानाची ओळख असलेल्याला ही चकाकी परकी वाटत नाही. ते खरवडून काढण्याची गरज नसते; अल्कोहोलने हलके पुसून नवा हात दिला की जुना थर नव्यात विरघळून एकजीव होतो. त्यावर पॉलियुरेथेन द्यायचे असेल तर आधीचा हात मेण काढलेल्या शेलॅकचा असावा, नाही तर वरचा थर धरत नाही.

आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने एक सुचवतो. फोडणी, तळण आणि कुकरची वाफ यांमुळे एवढ्या लहान जागेत तेलकट ओल फार लवकर साचते, शिवाय प्रोपेन जळतानाही पाण्याची वाफ तयार होते. छतावरच्या १४ इंची चौरस झरोक्यात १२ व्होल्टचा पंखा बसवावा आणि शेगडी चालू असताना पंखा व एक खिडकी दोन्ही उघडी ठेवावीत. शक्य असेल तेव्हा तळण बाहेर, छत्रीखाली वेगळ्या शेगडीवर करणे उत्तम. फ्रिज घेताना गॅसवर चालणारा जुना प्रकार सपाट जमिनीवरच नीट चालतो हे लक्षात ठेवावे; लहान ट्रेलरसाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज मला अधिक सोयीचा वाटतो.

वजन आणि पहिली फेरी

नवी कपाटे, बॅटरी आणि पाण्याची टाकी यांची जागा ठरवताना जड वस्तू ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) जवळ आणि खाली ठेवाव्यात. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार कपलरवर यायला हवा. मागच्या बाजूला भार जास्त झाला तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो आणि मोटारही सोबत ओढतो. ट्रक वजन करण्याच्या काट्यावर नेऊन पूर्ण भरलेल्या ट्रेलरचे वजन करावे आणि ते मोटारीच्या ओढण्याच्या मर्यादेशी, तसेच चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या भारमर्यादेशी ताडून पाहावे.

पहिला मुक्काम घरापासून जवळच्या एखाद्या राज्य उद्यानात करावा. निघाल्यावर काही मैलांनी थांबून हब हाताने जवळून तपासावेत. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापले असेल तर तिथले बेअरिंग फार घट्ट आहे किंवा ब्रेक घासतो आहे. पहिल्या ५० मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळावेत. पाण्याच्या नळ्या बसवल्या असतील तर हिवाळ्यापूर्वी त्या रिकाम्या करून त्यांत गुलाबी, बिनविषारी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे द्रावण भरावे. ट्रेलर उघड्यावर ठेवावा लागत असेल तर प्लास्टिकच्या ताडपत्रीऐवजी हवा खेळू देणारे आवरण घालावे, आणि दरवर्षी वसंतात छतावर चढण्याऐवजी शिडी बाजूला लावून प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रू आणि विनाइलच्या फितीखालची पुट्टी पुन्हा तपासावी.